साडेसहाशे किलोमीटरचा कौल

माझी पहिली नोकरी देवानं लावली. हे मी भक्तिभावानं म्हणत नाही, नाइलाजानं म्हणते, कारण घडलं तसंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाले आणि हातखंब्याहून आत असलेल्या आमच्या गावी येऊन बसले. अप्पा, म्हणजे माझे वडील, गावचे पोस्टमास्तर. पोस्ट ऑफिस म्हणजे आमच्या ओटीवरचं एक टेबल, एक शिक्का आणि एक तराजू. फिजिक्स शिकलेल्या मुलीचं पुढे काय करतात हे अप्पांना ठाऊक नव्हतं. लग्न करतात एवढंच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मुंबईतल्या नातेवाइकांना पत्रं टाकायला सुरुवात केली होती. स्वतःच लिहायची, स्वतःच शिक्का मारायचा. मी आतल्या खोलीत चरफडत तो शिक्क्याचा आवाज ऐकत असे.

तेवढ्यात मुंबईच्या एका संस्थेतून एक सर आले. बारीक अंगकाठी, जाड चष्मा आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे बघायची सवय. त्यांना आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर, भूकंप टिपायचं यंत्र बसवायचं होतं. रस्त्यापासून लांब, रेल्वेचं नाव नाही, कारखाना नाही आणि पायाखाली सलग कातळ. त्यांच्या मते आमचा गाव म्हणजे भारतातला एक अत्यंत गप्प गाव होता. हे ऐकून आई हसायलाच लागली.

गाव देवळात जमला. कोयनेच्या भूकंपात घरोघरची भांडी फळ्यांवरून पडली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. आमच्या मानकऱ्यांनी, म्हणजे देवाच्या पालखीचा पहिला मान असलेल्या तापट म्हाताऱ्यानं, सरळ विचारलं, "तराजू मांडला की गिऱ्हाईक येतंच. मशीन मांडलीत की भूकंप येयाचा न्हाय कशावरून?"

सरांनी समजावलं की इथला भूकंप त्यांना नकोच आहे. त्यांना हवा आहे लांबचा, पार जपानच्या बाजूचा. तिथे मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून जातात. वाटेत दगडाचा प्रकार बदलला की काही लाटा तिथे आपटून मागे फिरतात. साधारण साडेसहाशे किलोमीटर खोल असा एक थर आहे, तिथे दगड एकदम घट्ट होतो. तिथे खणून कुणी जाऊ शकत नाही, पण तिथून परतलेली लाट इथे बसून टिपता येते.

गावानं माना डोलावल्या. कुणाला काहीही कळलेलं नव्हतं. मग देवळाच्या खांबाला टेकून बसलेले गुरव म्हणाले, "म्हंजी फणस वाजवून बगतात तसा."

सर थबकले. आमच्याकडे झाडावरच्या फणसावर टिचकी मारून, आवाजावरून आतले गरे तयार आहेत की नाही ते ओळखतात. चाकू न लावता. सर हळूच म्हणाले, "मी तीस वर्षं हे शिकवतोय, इतक्या कमी शब्दांत मला जमलं नाही."

तरीही देवाला विचारणं भागच होतं. आमच्याकडे विहीर खणायची, घर बांधायचं, मुलगी द्यायची तर कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारून गप्प उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, गाव "व्हय महाराजा" म्हणाला आणि उजवी पाकळी टपकन पडली. सर घड्याळाकडे बघत होते. विज्ञानाला इतक्या झटपट मंजुरी त्यांच्या ऑफिसात कधी मिळाली नव्हती, असं ते मला नंतर म्हणाले.

मानकऱ्यांनी एक अट घातली. सड्यावर खोली बांधणार म्हणजे ते गावातलं घर झालं. घर झालं म्हणजे शिमग्यात देवाची पालखी तिथे जाणार आणि अंगणात नाचणार. सर आनंदानं "हो, हो" म्हणाले. पालखी नाचते म्हणजे काय होतं ते मुंबईच्या माणसाला काय ठाऊक? मला ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. कारण त्याच सभेत सरांनी विचारलं होतं, "इथे कुणी फिजिक्स शिकलेलं आहे का?" आणि सगळा गाव माझ्याकडे बघत होता.

अप्पांनी घरी येऊन निर्णय दिला. "मशीन आहे तोवर नोकरी. मशीन गेली की स्थळ."

तर माझं असं सगळं त्या यंत्रावर टांगलेलं होतं.

जांभ्या चिऱ्यांची एक खोली उभी राहिली. कातळात खड्डा खणून त्यात मोजणारं भांडं ठेवलं आणि त्याची तार खोलीत आणली. खोलीत एक गोल फिरणारं पिंप, त्यावर काजळी धरलेला कागद आणि कागदावर टेकलेली बारीक सुई. जमीन हलली की सुई हलायची आणि काळ्यावर पांढरी रेघ ओरखडली जायची. रोज सकाळी रॉकेलच्या धुरावर नवा कागद काळा करायचा, रेडिओवर वेळेचे 'पीप-पीप' आवाज लागले की त्यावर घड्याळ लावायचं, जुना कागद लाखेच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, गुंडाळायचा आणि अप्पांच्या टेबलावर द्यायचा. अप्पा पावती फाडून सही मागायचे. स्वतःच्या मुलीकडे. नियम म्हणजे नियम.

मी रोज नाकापासून कानापर्यंत काळी होऊन घरी यायचे. आई कपाळाला हात लावायची. "शिकवलं कशाला, तर तोंड काळं करायला." यावर मी चिडायचे आणि पदराला तोंड पुसायचे, मग ती पदरावरून चिडायची.

यंत्र भलतंच हळवं निघालं. रस्त्यावरची नऊची एसटी घाटी चढली की कागदावर केसाळ सुरवंट उमटायचा. सड्यावर गुरं आली की बारीक पुरळ. कुणाकडे पोहे कांडायला बसले की ठोक्याला ठोका. आठ दिवसांत गावाला समजलं की खोलीत बसून मला सगळं कळतं. एक सासुरवाशीण येऊन हळूच विचारून गेली की सासू माजघरातून निघाली हे आधी कळायची काही सोय होईल का. मी नाही म्हणाले, तर रागावून महिनाभर बोलली नाही.

पावसाळ्यात सगळं फुकट. समुद्र कितीतरी मैल लांब, पण त्याची गाज सुईला ऐकू यायची आणि कागदभर नुसती थरथर. मी सरांना पत्रानं कळवलं, "समुद्रच लिहितोय, दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही." थंडीत समुद्र शांत झाला, तर मोठा भूकंपच होईना. झाला तर चुकीच्या अंतरावर. एकदा हवा तसा झाला तेव्हा नेमकं पिंप अडकलं होतं. एकदा झाला तेव्हा दोन बैलांची झुंज खड्ड्यावरच लागली होती. त्या बैलांच्या मालकाशी मी जे भांडले, ते तीन वाड्यांना ऐकू गेलं.

सर पोस्टकार्डच लिहायचे. अप्पा पोस्टकार्ड वाचायचे, कारण त्यांच्या मते उघडं पत्र वाचलं नाही तर लिहिणाऱ्याचा अपमान होतो. ओटीवर बसलेल्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यामुळे पृथ्वीच्या पोटातल्या त्या थराची चौकशी सगळा गाव करायचा. मी नळावर नाही तर विहिरीवर दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय गो बाय, लागला काय तो थर?" एखाद्याच्या मुलीचं लग्न जमलं का असं विचारतात ना, त्याच सुरात.

माघ संपता संपता एक पोस्टकार्ड आलं, ते वाचताना अप्पांचा आवाज बदलला. सरांच्या वरिष्ठांनी कळवलं होतं की मार्चअखेरपर्यंत एकही स्वच्छ नोंद मिळाली नाही तर काम बंद करायचं. मिळाली तर आणखी ठिकाणी यंत्रं बसवायला परवानगी. सरांनी खाली लिहिलं होतं, "आता सगळं तुझ्या कातळावर आहे."

अप्पांनी कार्ड ठेवलं आणि टेबलाचा खण उघडून एक पाकीट काढलं. आत एका मुलाचा फोटो होता. मुलगा दिसायला बरा होता. मला त्याचा विनाकारण संताप आला.

आणि शिमगा आला.

आमच्याकडे शिमग्यात देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसवून घरोघर नेतात. आधी ओवाळायचं, मग ढोल-ताशे वाजतात आणि माणसं पालखी खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवतात. मुंबईहून खास त्यासाठी रजा काढून आलेली माणसं, वर्षभर गिरणीत आणि गोदीत दमलेली. ती नाचायला लागली की कातळाला घाम फुटतो. कुठल्या घरानंतर कुठलं घर हा क्रम ठरलेला, त्यावरून पूर्वी कोर्टकचेऱ्या झालेल्या. एका घरून निघाली की वाटेत कुठे टेकवायची नाही आणि माघारी वळवायची नाही.

त्या दिवशी आमच्या वाडीची पाळी होती. मी खोलीपुढे सारवून रांगोळी घातली, ताट तयार केलं आणि सुईकडे बघत बसले. चार वाजून पाच मिनिटांनी सुई उडाली.

एसटी नव्हती, बैल नव्हते. हा झटका खोल आणि लांबचा होता, मला आता ओळखू यायला लागलं होतं. भिंतीवर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला तक्ता होता. पहिल्या धक्क्यानंतर दुसरा किती मिनिटांनी येतो त्यावरून भूकंपाचं अंतर कळायचं. मी घड्याळ धरून बसले. सहा मिनिटं, सात, आठ. नऊ मिनिटांवर थोडे सेकंद झाले आणि दुसरा आला.

तक्त्यात त्या ओळीला सरांनी लाल पेन्सिलीनं चौकट केली होती. अंतर अगदी हवं तेवढं. म्हणजे काही लाटा सरळ खाली गेल्या होत्या, पृथ्वीच्या गाभ्यातून आरपार, पलीकडच्या बाजूला. तिथल्या जमिनीला आतून आपटून त्या परत यायच्या होत्या, पहिल्या धक्क्यानंतर सुमारे अठ्ठावीस मिनिटांनी. आणि त्यांच्या अडीच मिनिटं आधी यायची होती ती आमची लाट. पलीकडच्या जमिनीपर्यंत न पोचता, तिच्या साडेसहाशे किलोमीटर अलीकडे, त्या थरालाच आपटून माघारी फिरलेली. फार अशक्त. खड्ड्याजवळून मांजर चालत गेलं तरी बुडून जाईल इतकी.

म्हणजे साडेचार वाजता. चार-एकोणतीस ते चार-चौतीस मला सड्यावर संपूर्ण शांतता हवी होती.

खालच्या घरी, माझ्या काकीकडे, ढोल वाजत होते. त्यानंतरचं घर माझं.

मी परकर-पदर सावरत कातळावरून धावत सुटले. धावतानाही विचार आला की माझी ही पावलंसुद्धा कागदावर उमटताहेत, आणि मी पुढचं अंतर चवड्यांवर धावले. काकीच्या अंगणात पोचले तेव्हा नाच संपत आला होता. काकी मागच्या पडवीत पालखीबरोबरच्या मंडळींसाठी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी चिरत होती. मी सरळ मानकऱ्यांपुढे उभी राहिले.

"पालखी अर्धा तास इथंच ठेवा."

"ओवाळून झाला. आता अंगनात ऱ्हात न्हाय."

"मग वाटेत थांबा."

"वाटेत पालखी थांबत न्हाय."

"मग माझ्या अंगणात या, पण नाचू नका. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं!"

मानकरी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवाला उपाशी ठेवायला सांगितलं. "द्येवाला नाचू नको म्हनून सांगतंस? तू कोन गो?"

तो प्रश्न मला झोंबला. मी कोण? मला रडू फुटलं. राग आला की मला आधी रडू येतं आणि मग त्या रडण्याचा आणखी राग येतो. मी तिथेच, मुंबईहून आलेल्या त्या सगळ्या धट्ट्याकट्ट्या माणसांसमोर, सगळं ओरडून सांगितलं. थर आला आहे, आत्ता येतो आहे, पृथ्वीच्या पलीकडून निघाला आहे, आणि तो बुडाला की यंत्र जाणार, माझी नोकरी जाणार आणि अप्पा मला त्या फोटोतल्या मुलाला देणार. अप्पा गर्दीत उभे होते. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं.

ढोलवाले थांबले. "आला काय?" कुणीतरी विचारलं. "थर आला?" ते शब्द सगळ्या अंगणातून फिरले. वर्षभर पोस्टकार्डं ऐकलेला गाव तो.

पण रीत ती रीत. मानकरी नाही म्हणजे नाही. तेव्हा गुरव पुढे आले. "आपन कशाला भांडायचा? ज्येला नाचायचा हाय त्येलाच इचारू. तिच्या अंगनात कौल लावू. थांबायचा काय नाचायचा, ता द्येव सांगल."

देवालाच विचारायचं म्हटल्यावर मानकऱ्यांनी मान डोलावली. गुरव "हात धुवून येतो" म्हणून काकीच्या पडवीकडे गेले आणि लगेच आले. पालखी निघाली. मी पुढे धावले.

चार-सत्तावीसला पालखी माझ्या अंगणात आली, नेमकी खड्ड्याशेजारी. दीडदोनशे माणसं. गुरवांनी हात वर केला. "पालखी हलली तर पाकळी आपसूक पडल, कौल बाटल. श्वास बी जपून घ्या." मग त्यांनी देवाच्या चांदीच्या मुखवट्यावर एक पाकळी उजव्या गालाला लावली, एक डाव्या. बोटानं नीट दाबून लावली. गाऱ्हाणं त्यांनी तोंडातल्या तोंडात घातलं.

सगळं अंगण थिजलं. ज्यांनी आयुष्यात कधी दोन मिनिटं तोंड मिटलं नव्हतं अशा बायका पदर तोंडात धरून उभ्या. पालखीचे चार खांदेकरी डोळेसुद्धा हलवेनात. मी खोलीच्या उंबऱ्यात बसले, आत सुई, बाहेर देव. एवढा वेळ फरफरणारी सुई हळूहळू निवली आणि तिनं एक सरळ, बारीक रेघ ओढायला घेतली.

साडेचारला सुई थरथरली. पाच-सहा दातांची एक नाजूक करवत, बस. बाहेर सगळे पुतळ्यासारखे उभे होते, म्हणजे हे बाहेरचं नव्हतं. मी त्या एवढ्याशा ओरखड्याकडे बघत होते आणि मला माझ्या पायाखाली किती खोल आहे ते पहिल्यांदा खरोखर जाणवलं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण जाणवलं त्या दिवशी. अडीच मिनिटांनी दुसरी थरथर आली, जरा ठसठशीत, पलीकडच्या जमिनीपर्यंत जाऊन आलेली. सरांच्या तक्त्याप्रमाणे. घड्याळ लावल्यासारखी.

मी बाहेर येऊन गुरवांना खूण केली, झालं.

गुरवांनी मुखवट्याकडे पाहिलं. पाकळ्या दोन्ही जागच्या जागी. चार-पस्तीस. चार-चाळीस. वारा सुटला, पण पाकळ्या ढिम्म. पुढच्या खांदेकऱ्याच्या पोटरीवर डोंगळा चढला. तो हळूहळू लाल झाला, मग जांभळा, पण हलला नाही. देवाला कौल देऊ दे म्हणून डोंगळा सहन करणारी ती माणसं मी विसरणार नाही. गुरवांच्या कपाळावरून मात्र घाम निथळत होता आणि ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

शेवटी मानकरी पुटपुटले, "काय बोलतो द्येव?"

गुरव खाकरले. "द्येव गप हाय. थांब म्हनत न्हाय, म्हंजी नाचायचा हाय. उचला!"

आणि मग जो नाच झाला! खांदेकऱ्यानं पहिली उडी डोंगळ्यासाठी मारली आणि बाकीच्या देवासाठी. सुई पिंपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, काजळी उडाली, कागद फाटला. पण वरचा भाग, चार-एकोणतीस ते चार-चौतीस, तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरवांनी मला देवळात बोलावलं. पालखी विसाव्याला आली होती. दार लोटून त्यांनी मुखवट्यावरचा शेला बाजूला केला. दोन्ही गालांवर पाकळ्या, आता सुकलेल्या, पण घट्ट.

"बाय, फनसाचा चीक कशान जातो?"

तेव्हा मला उलगडा झाला. काकीच्या पडवीत हात धुवायला गेलेले गुरव कुयरीच्या चिकात बोट बुडवून आले होते.

"खोबरेलानं," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी अर्धा तास देवाचे गाल खोबरेल तेलानं चोळले. गुरव खजील झाले होते. चीक लावल्याबद्दल नव्हे, दोन्हीकडे लावल्याबद्दल. "अनुभव न्हवता गो," ते म्हणाले. "येकच बाजू लावायची व्हती, म्हंजी दुसरी कंदीतरी पडली असती. द्येवाची कोंडी क्येली मी." मग गाल लख्ख झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "पन थर लागला ना?"

"लागला."

"मग त्येचा काय म्हनना न्हाय," असं देवाकडे बोट करून ते म्हणाले.

आठ दिवसांनी सर आले. खोलीतल्या जमिनीवर कागद पसरला, पोटावर पालथे झोपले आणि भिंग लावलं. मग चष्मा काढून पुसला, आणि नुसता चष्माच पुसला नाही. परदेशातल्या लोकांनी तो थर आधीच टिपलेला होता, एका नोंदीनं काही सिद्ध होत नाही, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. आणि तरी परत वाकून बघितलं. "आहे. जिथे असायला हवा तिथेच आहे," असं म्हणाले.

मग त्यांची नजर खाली गेली. "आणि हे प्रचंड काय आहे?"

"ग्रामदेवता, सर."

सरांनी विचार केला आणि समासात लिहिलं, स्थानिक हालचाल.

यंत्रांना परवानगी मिळाली. नवं ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी ठरलं. तिथे कागद काळा करण्यापासून सगळं शिकवायला माणूस हवा होता आणि सरांना मीच हवी होते. आमचं यंत्रही तिकडेच न्यायचं होतं. सरांनी हे पोस्टकार्डावर लिहिलं, म्हणजे गावाला माझ्या आधी कळलं.

अप्पांनी कार्ड वाचून दाखवलं आणि खणात ठेवलं. रागावले असते तर मी भांडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण ते म्हणाले, "एकटी मुलगी, इतक्या लांब. मला ठरवता येत नाही." आणि त्या फोटोचं पाकीट टेबलावर तसंच पडलेलं. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. भूकंपाची वाट बघता येते, देवाला थांबवता येतं, पण काळजीत पडलेल्या बापाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी ते म्हणाले, "कौल लावू. देव म्हणेल ते."

देवळात आम्ही चौघंच होतो, अप्पा, आई, मी आणि गुरव. गुरवांनी पाषाणावर पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं या वेळी मोठ्यानं घातलं, लेकीला मशीनीबरोबर पाठवायची काय, महाराजा. अप्पा डोळे मिटून उभे होते. माझे उघडे होते. उजवी पाकळी दहा मोजायच्या आत पडली.

अप्पांनी देवापुढे डोकं टेकलं, बराच वेळ टेकलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा हलका झाला होता. मला वाटतं, नकाराइतकीच त्यांना होकाराचीही कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी होती. घरी जाऊन त्यांनी तो फोटो परत पाठवला. पाकिटावर शिक्का इतक्या जोरात मारला की त्या दिवशीच्या कागदावर तो उमटला असेल.

निघायच्या दिवशी मी गुरवांच्या पाया पडायला गेले. त्यांनी अंगारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. लावला, पण त्यांचं बोट काही सुटेना. चिकटलं होतं. त्यांनी हिसका देऊन सोडवलं आणि घाईघाईनं धोतराला पुसलं.

"येळेवर जा गो बाय," ते म्हणाले, "यष्टी चुकल."

पुढच्या शिमग्याला मला रजा मिळाली नाही. आईचं पत्र आलं, आंबे मोहरले आहेत, अप्पा सगळ्यांना तुझी पत्रं वाचून दाखवतात. शेवटी तिनं लिहिलं होतं, "देवळात मोठं नवल झालं आहे. तुझ्या कौलातली डावी पाकळी अजून पडलेली नाही. लांबून लोक बघायला येतात. गुरव देवाला रोज अंघोळ घालतात, पण तेवढी जागा सोडून."